अक्का काय म्हणाल्या

लालबाग,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

ज्युलीबाई परेरांना लालबागच्या मीरा घाडीचा रामराम.

या आठवड्याचे पाच भाग सोबत जोडलेत. बारा पानं भरली. सूनबाई विचारते, "आई, कसली परीक्षा आहे तुमची?" मी श्रेयाला म्हटलं, बाई गं, गिरगावात माझी एक मैत्रीण राहते. आम्ही दोघींनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं शेजारी बसून अख्ख्या मुंबईला नंबर सांगितले. आता तिच्या कानांनी संप पुकारलाय. मशीन लावलं तर ते शिट्ट्या मारतं, म्हणून मशीन कपाटात आणि बाई बिनआवाजाची 'अक्कांची पंगत' बघत बसते. मोबाइलवर तिला टाईप करता येत नाही आणि मला वाचता येत नाही. मग अक्का काय बोलल्या ते तिला कोण सांगणार? श्रेया हसली आणि संध्याकाळी नवी वही घेऊन आली. पोरगी गुणाची आहे. सात वाजता रिमोट मागते तेवढं सोडून.

कालच्या भागाचं मात्र मी इथे वेगळं लिहितेय. ते बारा पानांत कोंबण्यासारखं नाही. ज्युली, काय काम केलंय गो त्या बाईने! कुमुदिनी कारखानीस आपल्याला काय आज आवडतात असं नाही, पण काल मी टीव्हीला हात जोडले. खानावळीत दुपारची पंगत बसलीय, अक्का आमटी वाढतायत, आणि दारात कोण तर अवधूत! धाकटा भाऊ. आईच्या शेवटच्या दुखण्यात जो फिरकला नाही तो, आठ वर्षांनी. तो पुष्कर दिघे पण काय गुणी पोरगा आहे. चपला काढू की नको या विचारात त्याने एकाच पायातली काढली आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता अक्का पळी फेकून मारतात. पळी हातात तशीच, आमटी ठिबकतेय. तो म्हणाला, "अक्का, येऊ?" तर अक्का म्हणाल्या:

"तुझं पान मांडलेलं आहे. रोज मांडते, रोज उचलते. भूक लागली की ये."

एवढंच. आणि वळून पुढच्याला भात वाढायला लागल्या.

मी रडले, खोटं कशाला सांगू.

माझा गुडघा बरा आहे. तू घरी करून दिलेला, तुमच्याकडचा तो बॉटल मसाला संपत आला. मागत नाहीय, नुसतं कळवतेय.

तुझी,
मीरा

•

गिरगाव,
१३ फेब्रुवारी

मीरा,

पत्र मंगळवारी मिळालं. दोन दिवस लिहायला बसले आणि उठले. आज जमतंय.

तो भाग मी शुक्रवारी बघितला होता, माझ्या पद्धतीने. कान गेल्यापासून मी चेहरे वाचायला लागलेय. त्यात कुमुदिनीबाईंसारखा चेहरा अख्ख्या टीव्हीवर दुसरा नाही. बाकीच्या नट्या रडायचं असलं की आधी नाक फुगवतात. आमच्या वाडीतल्या पोरींना सासवांच्या साड्या बघायच्या असतात, मला बघायची असते ही बाई, पदर खोचून भात वाढताना. त्या दिवशी तिचं तोंड दगडाचं होतं. डोळे अवधूतच्या तोंडाकडे नव्हतेच, त्याच्या पायातल्या त्या एका चपलेवर होते. मी मनात म्हटलं, ही त्याला शिव्या घालत असेल तर हे डोळे खोटे. आणि डोळे खोटे नव्हते. मंगळवारी तुझं पत्र उघडलं, तर अगदी तेच.

रोज मांडते, रोज उचलते.

मी दोन दिवस का उठले ते तुला कळलं असेल. वर हेन्री राहतो. खाली मी, वर माझा भाऊ, मध्ये लाकडी तक्तपोशी. तो चालला की अजून पलंगाला कळतं. बावीस वर्षं आम्ही बोललो नाही. मृतांच्या दिवशी शिवडीला मम्मीच्या कबरीवर तो सातला जातो, मी नवाला. त्याची फुलं बाजूला सारते आणि माझी ठेवते.

मम्मी गेली त्या दिवशी मी एक्स्चेंजमध्ये होते. जिथे सगळ्या शहराचे फोन येतात तिथे. आणि माझ्या सख्ख्या भावाला तो एक नंबर फिरवता आला नाही. हे वाक्य मी तुला इतक्या वेळा ऐकवलंय की तुला पाठ असेल. तू प्रत्येक वेळी चहा ठेवायला उठलीस, कधी काही म्हणाली नाहीस. आता अक्का म्हणाली.

ख्रिसमसचं गोड मी अजून दोघांच्या अंदाजाने करते. उरलेलं वाडीत वाटते. तुला हे सांगितलं नव्हतं.

ज्युलिएट

•

लालबाग,
१५ फेब्रुवारी

ज्युली,

अगो, मालिका आहे ती! तिथे लेखक असतो, दिग्दर्शक असतो, अवधूतला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ते टीआरपी बघून ठरवतात. आपल्या घरात तसं असतं का? तू जिना चढायच्या आधी दोनदा विचार कर. गुडघे तुझेही माझ्याच वयाचे आहेत. हेन्री काय म्हणेल याचा नेम नाही. जुनं उकरायला घेतलं की हवं ते सापडतंच असं नाही, नको ते मात्र हमखास सापडतं.

या आठवड्यात अवधूत दिसला नाही. पान मांडलेलं असून तो जेवायला का बसला नाही, असं विचारशील. तो म्हणे कामासाठी कोल्हापूरला गेलाय. पान सात वर सविस्तर लिहिलंय.

गणपत आचाऱ्याने या वेळी तुफान हसवलं. ते वाच आणि हस, दुसरा विचार करू नकोस.

मीरा

•

गिरगाव,
गुरुवार, ६ मार्च

मीरा,

तू दोनदा विचार कर म्हणालीस. मी तीन आठवडे केला.

काल राखेचा बुधवार होता. कपाळाला राख लावून चर्चमधून आले आणि ताट वाढलं. भात, डाळ, भोपळ्याची भाजी, लोणचं. उपासाचा दिवस म्हणून मासे नाहीत. वरून दुसरं ताट झाकलं आणि जिना चढले. सतरा पायऱ्या. दार ठोठावलं नाही, कारण तो आतून काही बोलला असता तर मला कळलं नसतं. ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि वर चिठ्ठी. तुझ्या पत्रातून उतरवून घेतली होती: 'रोज मांडते, रोज उचलते. भूक लागली की ये.' शब्द अक्काचे, सही माझी.

संध्याकाळी माझ्या दाराशी ताट. घासलेलं, आणि त्यात चार चिकू. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही मम्मीची शिस्त. चिठ्ठी नाही, काही नाही, चार चिकू. दोन खाल्ले, दोन समोर ठेवून तुला लिहितेय.

मीरा, मला तो परत हवाय. सत्तर वर्षांची झाले, आता कोणापासून लपवू?

दुसरी बातमी. २३ मार्चला रविवारी दादरला कुमुदिनीबाईंचा सत्कार आहे, पेपरात आलंय. मी जाणार. त्यांना सांगणार की बाई, तुमच्या एका वाक्याने मी सतरा पायऱ्या चढले. ते वाक्य चांगल्या कागदावर लिहून नेते, खाली त्यांची सही घेते आणि फ्रेम करून मम्मीच्या फोटोशेजारी लावते. तू चल. त्या काय म्हणतात ते मला लिहून कोण दाखवणार? माझे कान तूच.

ज्युलिएट

•

लालबाग,
१० मार्च

आदरणीय कुमुदिनीताई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला सोमवार ते शुक्रवार सात ते साडेसात ओळखते. माझे यजमान गिरणीतून घरी बसले तेव्हा त्यांच्याशी कसं वागावं मला कळत नव्हतं. तुमच्या जुन्या एका मालिकेत तुम्ही नवऱ्याला नुसता तांब्या नेऊन देत होतात, काही न बोलता, ते बघून मी शिकले. तुमच्यापर्यंत हे पोचवायचं राहून गेलं होतं. पण आज पत्र लिहितेय ते एका गुन्ह्यासाठी. सत्कार समितीच्या पत्त्यावर धाडतेय, तेवीस तारखेच्या आत मिळू दे म्हणजे झालं.

माझ्या एका मैत्रिणीला ऐकू येत नाही. ज्युलिएट परेरा. तिला मी दर आठवड्याला तुमचे संवाद लिहून पाठवते. सात फेब्रुवारीच्या भागात तुम्ही अवधूतला म्हणालात, "या घरात तुझं पान मांडलं जाणार नाही. आई गेली त्या दिवशीच ते उचललं." मी हे तसंच लिहिलं होतं. मग ते पान फाडलं. ज्युलीचा भाऊ तिच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो आणि ती त्याच्याशी बोलत नाही. हे वाक्य तिने छातीशी धरलं असतं, 'बघ, अक्कासुद्धा हेच म्हणते' असं. म्हणून मी दुसरंच वाक्य तुमच्या तोंडी घातलं. याआधी सुटलेला एखादा शब्द मी पदरचा भरत असे, वाक्यच्या वाक्य बदललं ते पहिल्यांदा. तेव्हापासून रोज नवीन थाप मारावी लागतेय. तुमच्या अवधूतला मी कोल्हापूरला पाठवलंय.

आता ती ते वाक्य कागदावर लिहून तुमच्यासमोर धरणार. ताई, मुकाट्याने सही करा. पाया पडते.

असं का केलं, तेही सांगते. हे मी यजमानांनाही सांगितलं नव्हतं. तुम्ही अक्का आहात म्हणून सांगतेय.

१४ ऑक्टोबर २००२. आम्ही दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. ज्युली तिसऱ्या मजल्यावर ट्रेनिंगला होती, मी खाली फोन घ्यायच्या बोर्डावर. सव्वादोनला एक फोन आला. "मी हेन्री परेरा. ज्युलिएटला सांगा, मम्मी सिरीयस आहे, लगेच ये." मी म्हटलं, निरोप देते. चिठ्ठी लिहिली. पण आमच्याकडे बदली बाई येऊन बसल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही असा नियम, आणि दोन मिनिटं उठले म्हणून आठवड्यापूर्वीच मला मेमो मिळाला होता. मी बसून राहिले. सुपरवायझरला हाक मारून सांगायचं होतं, तेही केलं नाही. म्हटलं, आता येईल बदली. ती साडेतीनला आली. मी वर धावले तर ट्रेनिंग तीनलाच सुटलेलं आणि ज्युली गेलेली. त्यांची आई पाचला गेली. ज्युली घरी पोचली साडेसहाला.

ती म्हणते, भावाने फोन केला नाही. तो म्हणत असेल, निरोप देऊनही बहीण आली नाही. खरं काय ते तिसऱ्याच बाईला माहीत आहे आणि ती बाई बावीस वर्षं चहा ठेवायला उठते. भावाकडे जा, असं ज्युलीला कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून तुमचं तोंड घेतलं.

ती दोघं बोलली की पहिल्याच दिवशी माझं नाव निघेल, हे मला कळतं. मैत्रीण जाईल. तरी मी ते वाक्य लिहिलं.

आपली,
मीरा घाडी

•

शिवाजी पार्क,
२४ मार्च

मीराताई, नमस्कार.

तुमचं पत्र मला सत्काराच्या चार दिवस आधी मिळालं. सही करायची असं मी ठरवलं होतं. एक सही करायला आपलं काय जातं, असाच विचार केला.

काल कार्यक्रमानंतर तुमच्या ज्युलिएटबाई आल्या. फुलाफुलांचा झगा, ताठ मान. सोबत हॅट घातलेले एक गृहस्थ होते. मी बोलेन ते एका वहीत लिहून बाईंना दाखवत होते. "मी त्यांचा भाऊ," म्हणाले. मी पेन उघडलं. तेवढ्यात बाई मोठ्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचे डोळे त्याच्या चपलेवर होते."

मीराताई, चाळीस वर्षं मी हे काम करतेय. मला बक्षिसं मिळाली, काल शालही मिळाली, पण हे कोणी पाहिलं नव्हतं. लेखकाने मला कठोर वाक्य दिलं आणि मी ते म्हटलं, ते माझं कामच आहे. पण माझी अक्का त्याला घरात घेऊन मोकळी झाली होती. ते कुठे दाखवू? म्हणून मी त्याच्या पायाकडे बघत राहिले, दुसरी चप्पल कधी काढतोय याची वाट बघत. आमच्या दिग्दर्शकालासुद्धा ते कळलं नाही. ज्या बाईला आवाज ऐकू येत नाही तिला कळलं. अशा बाईला खोटी सही द्यायला माझा हात धजेना. मी कागदावर लिहिलं, 'हे शब्द माझे नाहीत, तुमच्या मैत्रिणीचे आहेत. माझ्या डोळ्यांत मात्र हेच होतं.' आणि खाली सही केली. बाईंनी वाचलं आणि इतक्या जोरात हसल्या की हार घालायला थांबलेली माणसं दचकली.

तुमची विनंती मोडली, त्याबद्दल रागवा. टेलिफोनची गोष्ट मी काढली नाही. ती अक्काच्या तोंडी शोभायची नाही. तुम्ही संवाद छान लिहिता, हाही लिहा. बोलणारी मात्र या वेळी मीरा घाडीच असू द्या.

आपली,
कुमुदिनी कारखानीस

•

गिरगाव,
२७ मार्च

मीराबाई,

गुडघा कसा आहे? ऐन रविवारी सकाळीच दुखला म्हणे, श्रेयाचा निरोप आला.

तू नाहीस म्हणून मी वर गेले. या वेळी दार ठोठावलं. हेन्रीने उघडलं. मी म्हटलं, मला दादरला जायचंय, मला ऐकू येत नाही, चलशील? तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याला माहीत नव्हतं, मीरा. एका घरात राहून माझे कान गेलेले त्याला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी जिन्यात त्याने मला दोनदा हाक मारली होती. मी वळले नाही, म्हणून तो परत वर गेला.

अक्काचं वाक्य तुझं निघालं. मी हसले, कारण मला गंमत वाटली. बत्तीस वर्षं तू लोकांना चुकीचा नंबर दिला नाहीस आणि मला संवाद बनवून दिलास! त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कुमुदिनीबाईंनी लिहून दिलंय, त्यापुढे मी कोण?

दुसरी गोष्ट आहे. परत येताना टॅक्सीत हेन्रीने वहीत लिहिलं, ते जसंच्या तसं देते.

'मी फोन केला होता. सव्वादोनला. एका बाईने घेतला. निरोप देते म्हणाली. तू साडेसहाला आलीस, हातात कापडाची पिशवी घेऊन. मला वाटलं, तुला यायचंच नव्हतं.'

ती पिशवी हिंदमाताच्या कापडबाजारातली होती. मम्मीच्या गाऊनसाठी कापड. हे मी आजवर फक्त तुला सांगितलंय.

त्या दिवशी खाली बोर्डावर कोण कोण होतं? तुला सगळं आठवतं. मला त्या बाईचं नाव हवंय.

ज्युलिएट

•

लालबाग,
रविवार, ३० मार्च, पाडवा

ज्युली,

बोर्डावर आम्ही अकराजणी होतो. फोन मी घेतला.

चिठ्ठीही लिहिली. बदली येईपर्यंत जागा सोडली नाही, कारण मला दुसऱ्या मेमोची भीती होती. तुझ्या आईपेक्षा मला मेमो मोठा वाटला. याला दुसरं काही नाव नाही. साडेतीनला वर आले तेव्हा खोली रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मयताला आले तेव्हा ती चिठ्ठी माझ्या ब्लाऊजमध्ये होती. तुला द्यायचीच म्हणून आणली होती. तू माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, "त्याने एक फोन केला नाही गं." तेव्हा सांगायला हवं होतं. ती वेळ गेली. मग आज नको, उद्या सांगू असं करत करत बावीस वर्षं गेली. तुझा राग हेन्रीवर आहे तोवर माझ्यावर नाही, एवढं मला पुरत होतं. किती हलकी बाई मी, बघ.

माफ कर असं लिहिणार नाही, माफी मागायलासुद्धा तोंड लागतं. या आठवड्याचे संवाद लिहिलेले नाहीत. अक्का बोलत होत्या आणि माझा हात चालेना.

श्रेयाने गुढी उभारली. मी आतच बसलेय.

मीरा

•

गिरगाव,
मंगळवार, २२ एप्रिल

मीरा,

तुझं पत्र एक तारखेला मिळालं. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण मला शिव्या आमच्या वाडीच्या बोलीतच येतात आणि त्या कागदावर उतरत नाहीत.

मी रागावले. अजून आहे. सव्वादोनला कळलं असतं तर तीनला मी घरी असते. मम्मी पाचला गेली. ते दोन तास तू मला देऊ शकत नाहीस आणि मी मागून काय करू? ते राहणार. माफ केलं असं मी लिहीत नाही, खोटं लिहायचं काम आपल्यात एकीने केलं तेवढं पुरे.

पण हेन्रीशी अबोला तू धरला नव्हतास. तो मी धरला. कुठल्याही दिवशी वर जाऊन 'फोन का नाही केलास' एवढं विचारलं असतं, तर उभ्या उभ्या उलगडा झाला असता. मी विचारलं नाही. मला राग हवा होता, उत्तर नको होतं. आणि शेवटी मी वर गेले ती तू लिहिलेल्या वाक्यामुळे, ज्याने तुझंच नाव बाहेर येणार होतं. हे मला सारखं आठवतं आणि मग मला नीट रागावताही येत नाही. या तीन आठवड्यांत मी काय केलं असेल तर हेच.

ईस्टर आम्ही दोघांनी केला. हेन्रीने मटणात मीठ कमी घातलं आणि मला सांगितलं की मम्मी एवढंच घालायची. आम्ही तासभर भांडलो, तो वहीत आणि मी तोंडाने. बावीस वर्षांनी इतकं बरं वाटलं.

आता तो रोज सातला खाली येतो आणि 'अक्कांची पंगत' माझ्याबरोबर बघतो. कुमुदिनीबाईंवर त्याचा फार जीव बसलाय, चहा गार होतो तरी उचलत नाही. पण संवाद लिहायचं म्हणशील तर हा माणूस कामाचा नाही. काल अवधूत परत आला. अक्का पुरी तीन मिनिटं बोलत होती, चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, माझा जीव वर-खाली झाला. मी याला कोपराने ढोसलं, लिही. याने लिहिलं, 'चिडली आहे. पण ये म्हणाली.' तीन मिनिटांचं एवढंच! मला पुरं हवंय. बाई बोलली तसं, शब्दाला शब्द. तुझ्या पदरचा एक काना-मात्रा नको.

या रविवारी ये. वही पोस्टाने धाडू नकोस, घेऊन ये. जेवण वर हेन्रीकडे आहे.

तुझं पत्र मी त्याला दाखवलेलं नाही आणि ती बाई कोण हेही सांगितलेलं नाही. फोन त्याने केला होता, सांगायचं तर त्यालाच सांगायला हवं, आणि तेही तू. साडेबाराला ये आणि बेल वाजव. मला ऐकू येणार नाही, दार हेन्री उघडेल. आधी त्याच्याशी बोल, मग आत ये.

ज्युलिएट